चोरायचं तर अख्खं चोरा

काश्या,

तुला खाडीकाठच्या स्मशानात नेत होतो तेव्हा शेजारच्या आळीत हळद होती. मांडव पडलेला, डीजेच्या काळ्या पेट्या माडाच्या उंचीला लागलेल्या, आणि पोरं, पोरी, म्हातारे सगळे पिवळेधमक होऊन नाचत होते. आता गाणं कुठलं चालू असणार ते तुला सांगायला हवं का? तुझंच. ‘आत्याबाय, तुझी होरी हलंना!’

तिरडी वळणावर आली तसा मांडवातून एक दांडगा माणूस धावत सुटला आणि डीजेवर खेकसला, “ए, बंद कर ते! मयत चाललंय, दिसत नाय? काय लाज हाय का नाय?”

गाणं बंद झालं. सगळा मांडव हात जोडून उभा राहिला. नवरदेवाच्या बापाने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. तुला मान म्हणून तुझंच गाणं गप्प केलं, काश्या! मला वाटलं, ओरडून सांगावं, अरे मूर्खांनो, ज्याच्यासाठी थांबवलंत त्याचंच आहे हे. पण तू माझ्या खांद्यावर होतास, आणि मी तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, दत्त्याने मयतातपण फेकाफेकी सुरू केली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे शंभर टक्के खरी गोष्ट होती आणि सांगायची सोय नव्हती.

आपण वळण पार केलं आणि गाणं पुन्हा सुरू झालं. जिथे थांबलं होतं तिथूनच.

आता तू पेटीवरचं एक बोट उचलशील, मला माहीत आहे. ते बोट मी जन्मभर पाहिलं. आपला ऑर्केस्ट्रा म्हणजे तू पेटी घेऊन गाणार, दोघं ढोलकी-बँजोवाले, आणि मी निवेदक. निवेदकाचं काम काय, तर गाणाऱ्याला माणसाचा देव करायचा. मी माइक हातात घेतला की म्हणायचो, “मंडळी, ह्यांचा आवाज असा, की हे करंज्याच्या धक्क्यावर गायले तेव्हा भरतीचं पाणी अर्ध्या वाटेत थांबलं आणि म्हणालं, हे कडवं होऊन जाऊ दे!” की मागे तुझं बोट वर. म्हणजे, दत्त्या, कमी कर. मी कमी करायचो. “बरं, पाणी थांबलं नाही, पण पापलेटं वर आली!” बोट वरच. “बरं, पापलेटं नाही, बोंबील!” लोक हसून हसून लोळायचे, आणि मग तू सूर लावायचास आणि त्यांना रडवायचास. असा आपला धंदा. मी फुगवायचो, तू टाचणी लावायचास.

एका हंगामात माझ्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बोलायची बंदी केली. लोक म्हणाले, दुसरा निवेदक बघा. तू नाही बघितलास. स्टेजवर माझी खुर्ची मांडायला लावलीस, मला तिच्यावर बसवलंस, आणि माइकपाशी जाऊन म्हणालास, “मी काशिनाथ. गातो.” एवढंच! आणि टाळ्या माझ्या सगळ्या भरती-पापलेटांपेक्षा जास्त पडल्या. मी खुर्चीवर बसून तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आभार मानायचे राहून गेले. शिव्या तरी पोचल्या असतील.

आत्याची गोष्ट तू मला आपण उरणहून परत येताना सांगितली होतीस. आईबाप लवकर गेले, तुम्हा भावंडांना आत्याने वाढवलं, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन. नवरा तिचा तरुणपणीच समुद्रात गेलेला. तुझ्या बहिणीची हळद होती तेव्हा आत्या मासळी विकून पलीकडच्या काठावरून होडीत बसून आली आणि धक्क्याला होडी लागली तरी उतरेना. बायका हाका मारायला लागल्या तर म्हणाली, “सुकती लागली गो, होरी रुतली चिखलात, कशी येऊ?” होरी म्हणजे होडी, सुकती म्हणजे ओहोटी. आणि खाडी भरून वाहत होती! होडी पाण्यावर डुलत होती. सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांना कळलं होतं. विधवा बाई हळद लावायला मांडवात कशी येणार? शेवटी तुझी बहीण, स्वतः नवरी, हळदीचा हात घेऊन धक्क्याच्या पायऱ्या उतरली, कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि होडीतल्या आत्याच्या गालाला पहिली हळद तिने लावली.

त्याचं तू गाणं केलंस. पहिली कडवी सगळी गमतीची. आत्या होडीत, होडी चिखलात, आत्या ह्याला हाका मारते, त्याला हाका मारते, आणि प्रत्येक वेळी लोकांनी ओरडायचं, “हलंना गो हलंना!” चिखलातून पाय उपसल्यासारखा नाच. आणि मग शेवटच्या कडव्याला ढोलकी थांबायची. नुसती पेटी.

भरती आली, होरी हलली, आत्या हलंना गो,
कपाल रिकामं, हाथ रिकामं, मांडवी येवंना गो.
नवरी उतरली खारीमंदी, हळद घेऊन हाथी,
काशिनाथ सांगं, पयली हळद आत्याच्या गालावरती.

पहिल्यांदा गायलास तेव्हा आत्या समोरच बसली होती. पदराने डोळे पुसत म्हणाली, “मेल्या, मना चव्हाट्यावर आनलास!” आणि मग दुसऱ्यांदा गायला लावलंन. तिसऱ्यांदापण.

मुंबईच्या एका छोट्या कंपनीने कॅसेट काढली. कंपनीची कॅसेट कमी आणि रमाकांतची जास्त खपली. एसटी स्टँडसमोरचं त्याचं दुकान: एका भिंतीला टेपरेकॉर्डरची रांग, दिवसभर कॅसेटी भरणं चालू. कोरी कॅसेट द्या, तासाभराने गाणी भरून न्या. वर त्याने स्वतःच्या आवाजात शेवटी भर घातलेली, “रमाकांत म्युझिक, पनवेल, एसटी स्टँडसमोर!” तुझं कडवं संपलं, डोळ्यांत पाणी आलं, की लगेच हा पत्ता.

तू त्याच्या दुकानात पोलीस घेऊन गेलास. काही निघालं नाही, तो मागच्या दाराने टेपरेकॉर्डर हलवून मोकळा झाला. त्यानंतर तू एसटी स्टँडसमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचास. जन्मभर. पावसात तिकडे गुडघाभर पाणी साचलेलं असलं तरी तिकडूनच.

आणि तिथूनच आपला वाद सुरू झाला, जो तू अर्धवट टाकून गेलास.

मी म्हणायचो, “अरे, चोरी कसली, फुकटची जाहिरात आहे ही! कंपनीची कॅसेट दादरच्या पुढे गेली नाही. रमाकांतची ट्रकमध्ये चढली, ट्रकमधून होड्यांवर गेली, होड्यांवरून मोठ्या बोटीवर, बोटीवरून आखातात! तिथल्या एका शेखाने उंटाला चिखलाचा नाच शिकवलाय म्हणतात!”

“उंट कमी कर,” तू म्हणायचास.

“बरं, उंट गेला. शेख राहू दे.”

“दत्त्या, तुझ्या घरातली भांडी चोरीला गेली तर तू काय म्हनशील? भांड्यांची जाहिरात झाली?”

“भांडं चोरलं की घरात राहत नाही. गाणं चोरलं तरी तुझ्या तोंडात आहेच ना?”

“तोंडात हाय रं. पोटात काय?”

यावर माझ्याकडे उत्तर होतं आणि तेव्हा ते खरंही होतं. सुपाऱ्या! उरणपासून अलिबागपर्यंत कार्यक्रमांच्या सुपाऱ्या यायच्या त्या रमाकांतच्या कॅसेटीमुळेच. लोक म्हणायचे, ते आत्याबाईवाले आणा. चोराने दार उघडलं आणि आपण आत शिरलो. तूही ते मनातून जाणत होतास, म्हणून चिडायचास. फुकट्याचे उपकार घेणं तुला पचत नव्हतं.

पण भरतीला जी होडी वर येते तीच सुकतीला रुतते. कॅसेट गेली, सीडी गेली, पेन ड्राइव्ह आला. नखाएवढ्या तुकड्यात सगळ्या महाराष्ट्राची गाणी. आता आत्याबाई हवी तर आत्याबाईवाले कशाला आणायचे? बटण दाबलं की आत्याबाई. ढोलकीवाल्याने वडापावची गाडी टाकली, बँजोवाला गावाला गेला, तू रिक्षा घेतलीस. आणि मी? निवेदकाला काय, कुठेही बोलायचं. मी प्लॉट विकणाऱ्यांच्या मंडपात बोलायला लागलो. “इथून विमानतळ इतका जवळ, की पायलट खिडकीतून हात करतो!” तिथे बोट उचलायला कुणी नव्हतं.

एवढ्यावरही तू जगला असतास. गाणी चोरली, चोरली. पण मग कुणा डीजेने ते गाणं नाचाला बसवलं. बसवताना पुढे त्याचं नाव घातलं. कुठल्यातरी बाईच्या यंत्रासारख्या आवाजात, पुन्हा पुन्हा. आणि शेवटचं कडवं कापलं. का, तर तिथे ढोलकी थांबते. नाचणारे थांबतात. थांबलेले नाचणारे म्हणजे डीजेचं मरण.

आपल्याकडे नाव शेवटच्या ओळीत घालायची रीत. आधी गाणं सांगायचं, मग हळूच म्हणायचं, हे अमक्याने सांगितलं हो. बापजाद्यांनी चोरीवर काढलेला उपाय होता तो. गाणं कुठेही गेलं तरी शेवटी सही आहेच. त्यांना काय ठाऊक, की असा चोर जन्मेल जो सहीपुरतंच कापेल! आता नाव सुरुवातीला घालतात. आधी मी, मग गाणं, मधे पुन्हा मी.

नावाचं एक वेळ सोड. तू म्हणायचास ते मला आज कळतं, आणि तेव्हा कळूनही मी वाद घालत राहिलो, कारण वाद थांबला असता तर आपण दोघं रिक्षा स्टँडवर बसून करणार काय होतो? शेवटचं कडवं गेलं आणि उरलं काय? एक बाई चिखलात अडकलीय आणि गाव तिला हसतंय. एवढंच गाणं उरलं.

तुझ्या पुतणीच्या हळदीत ते वाजलं तेव्हा मी होतो. आत्या खूप थकलेली, कानाने कमी, आठवणीने त्याहून कमी. खुर्चीवर बसली होती. पोरं तिच्याभोवती फेर धरून चिखलाचा नाच करत होती, तिच्याकडे बोटं दाखवून, “हलंना गो हलंना!” प्रेमानेच. पण तिला काय दिसत होतं? तिने तुला जवळ बोलावलं आणि विचारलं, “काश्या, लोकांनी मना हसावा म्हनून गाना केलास का रं तू?”

तू तिथेच खाली बसून तिच्या कानात शेवटचं कडवं गायलास. तिने मान हलवली, हसली. पुढच्या हळदीपर्यंत विसरली. पुन्हा तेच विचारलं. मग तिने हळदीला जाणंच सोडलं. आत्या गेली ती असं समजून गेली, की वाढवलेल्या पोराने तिच्यावर विनोद केला. आणि हे मी फुगवून सांगत नाही. बोट खाली ठेव.

तेव्हापासून तुझं एकच पालुपद. “दत्त्या, पैशे गेले, जळलं. मी काय संत नाय, पैशाचं वाईट वाटतंच. पन चोरायचं तर अख्खं चोरा ना रं! अर्धं कशाला चोरता?”

पनवेलमधली ती एकच रिक्षा जिच्यात स्पीकर नव्हता. खारघरला जाणारी पोरं विचारायची, “काका, गाणी नाहीत का?” तू म्हणायचास, “नाय. ही रिक्षा नुसती चालते.” एकदा दोघांनी मोबाइलवर तुझंच लावलं. तू भर रस्त्यात ब्रेक मारलास. “फुडचं कडवं लावा, नायतर उतरा.”

“काका, संपलं गाणं.”

“संपला नाय. कापलाय.”

“अहो काका, आम्ही काय केलं?”

ती बिचारी उतरली. तू भाडंपण घेतलं नाहीस. मी मागच्या रिक्षात होतो, पाहिलं. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी त्याची गोष्ट केली आणि पुढचा महिनाभर सगळ्या स्टँडला सांगत फिरलो. माझ्या गोष्टीत चार पोरं होती आणि त्यातला एक आमदाराचा भाचा होता.

मग गाण्याच्या ॲपवर तुझं गाणं आलं, डीजेवालंच, आणि खाली लिहिलेलं: पारंपरिक. आपण दोघं अंधेरीच्या त्या काचेच्या ऑफिसात गेलो. एसी इतका, की तुझा आवाज बसला. समोरची मुलगी गोड होती, तिचा काही दोष नाही.

“काका, सिस्टीममध्ये ट्रॅडिशनल दाखवतंय.”

“ट्रॅडिशनल म्हंजे कोन?”

“म्हणजे खूप जुनं. ज्याचा कवी माहीत नसतो ना, असं.”

“कवी तुमच्या समोर बसलाय, बाय. जिता हाय.”

“हो, पण प्रूफ लागेल ना काही. ओरिजिनल रेकॉर्डिंग वगैरे.”

ओरिजिनल! कंपनी कधीच बुडालेली. तुझी स्वतःची कॅसेट खाऱ्या हवेत बुरशी येऊन पापडासारखी झालेली. गावोगावच्या कॅसेटी लोकांनी भंगारात दिलेल्या. पुरावा म्हणजे शेवटचं कडवं, आणि शेवटचं कडवं फक्त तुझ्या आणि माझ्या डोक्यात. तू त्या मुलीला तिथेच गाऊन दाखवलंस, बसलेल्या आवाजात. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. ती म्हणाली, “काका, किती सुंदर! पण हे तुम्ही आत्तासुद्धा जोडलेलं असू शकतं ना.”

येताना तू खिडकीबाहेर बघत होतास. मी मात्र बोलत होतो. मी म्हणालो, “काश्या, पारंपरिक म्हणजे केवढा मोठा मान! जिवंतपणी परंपरा झालेला तूच पहिला!” तू बोटही उचललं नाहीस. तेव्हा मला भीती वाटायला हवी होती.

तुझ्या दहाव्याला दारात कोण उभं असेल? रमाकांत. केस गेलेले, चष्मा जाड, हातात प्लास्टिकची पिशवी. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतो. सुमनवहिनींनी ओळखलं नाही, मी ओळखलं. वाटलं, ह्याच्या अंगावर खुर्ची फेकावी. त्याने पिशवीतून कॅसेट काढली.

“ही पहिली,” तो म्हणाला. “कंपनीच्या कॅसेटवरून भरलेली. बाकीच्या सगळ्या हिच्यावरून काढायचो. कोरडी ठेवली मी, तांदळाच्या डब्यात. अख्खं गाणं आहे. मी कधी कापलं नाही हो. शेवटी फक्त माझा पत्ता.”

वहिनींनी कॅसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाल्या, “आता आनलीव? मानूस जिता व्हता तवा कुठं व्हती ही?”

“वहिनी, ते पोलीस घेऊन आले होते ना. ह्या कॅसेटवर माझा आवाज आहे. ही द्यायची म्हणजे कबुली द्यायची. कितीदा वाटलं, हाक मारावी. पण ते रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.”

ऐकलंस, काश्या? तुझ्या गाण्याचा पुरावा आणि त्याच्या चोरीचा पुरावा, एकच कॅसेट. तू ज्या दुकानाकडे पाठ करून चिखलातून चालायचास त्याच दुकानात, तांदळात पुरलेला, तू होतास. पूर्ण. नावासकट. ज्याने पहिल्यांदा चोरलं त्यानेच एकट्याने जपलं. त्याला माफ कर असं मी म्हणत नाही. मीही केलेलं नाही. पण वहिनींनी त्याला चहा दिला आणि तो प्याला.

मी गाणं मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि अंधेरीला पळालो. तीच मुलगी. तिने शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, “पण काका, शेवटी ते ‘रमाकांत म्युझिक’ म्हणतायत. मग गाणं त्यांचं नाही का?”

मी आयुष्यात एवढ्या थापा मारल्या, काश्या, पण असलं वाक्य मला सुचलं नसतं.

मग मी ते अख्खं गाणं इंटरनेटवर टाकलं, तुझ्या फोटोसकट. लगेच सूचना आली: हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे, तुम्ही विनापरवाना वापरलंत, म्हणून काढून टाकलंय. यंत्राने तुझा आवाज ऐकला आणि ओळखला, की हा त्या डीजेच्या गाण्यातून चोरलेला आहे! तुझाच गळा, आणि चोर कोण? मी. मला म्हणजे अभिमानच वाटला. एवढी वर्षं चोरांची वकिली केली, शेवटी त्यांच्यात नाव लागलं. तर आता परिस्थिती अशी आहे: तुझं अर्धं गाणं कायदेशीर आहे, आणि अख्खं ऐकायचं तर चोरूनच ऐकावं लागतं.

म्हणून मी पेन ड्राइव्ह खिशात घालून हिंडतो. ओवे गावात दिलं, उरणला दिलं, भेटेल त्या डीजेला देतो. घ्या, फुकट घ्या, वाटा, चोरा.

परवा बेलपाड्यात बायकोच्या नात्यातली हळद होती. डीजेला मी गळ घातली. त्याने लावलं. वेड्यासारखे नाचले लोक. मग ढोलकी थांबली, पेटी राहिली, आणि तुझा तो तरुणपणचा आवाज सगळ्या बेलपाड्यावर पसरला. समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्यांमधून माणसं बाहेर आली. (एका गॅलरीतून. दोन माणसं.) नाचणारे पाय उचललेल्या अवस्थेत थांबले. एकमेकांकडे बघायला लागले. आणि कुणीतरी ओरडलं, “ए डीजे, ही रडारड काय लावलीस? फुडचं लाव!”

डीजेने कापलं. ‘काशि’ आलं होतं, ‘नाथ’ गेलं.

मी मांडवाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. जेवणाच्या पत्रावळींचे गठ्ठे होते तिथे एक बाई उभी होती, साधारण आपल्याच वयाची. त्या मांडवात माणसं पिवळी होती, खुर्च्या पिवळ्या होत्या, कुत्रंसुद्धा पिवळं होतं. हिचा चेहरा तेवढा कोरा. पत्रावळी मोजायचं नाटक करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “भाऊ, ती आत्या मंग मांडवात आली का नाय?”

माझा गळा तुला माहीत आहे. कावळ्याने ऐकला तर पिंडाला शिवायचा नाही. मी गायलो नाही. शेवटचं कडवं पहिल्यापासून नुसतं बोलून दाखवलं, हळू, तिकडे डीजेचा दणदणाट चालू असताना. नवरी उतरली खारीमंदी, हळद घेऊन हाथी. ती ऐकत राहिली. पत्रावळी मोजायच्या थांबल्या.

“कोनी केलंन?” तिने विचारलं. दणदणाटात नाव बुडालं असणार.

जन्मभर मी तुला हत्तीवर बसवून लोकांपुढे आणलं. त्या वेळी तोंडातून एकच शब्द निघाला. “काशिनाथनं.”

“बरा केलान,” ती म्हणाली, आणि पत्रावळींचा गठ्ठा उचलून निघून गेली.

मी वाद हरलो असं लिहिणार नाही. तेवढं सुख तुला मेल्यावरही देणार नाही मी. लाखो लोकांनी अर्धं ऐकलं, हेही खरंच आहे. पण एकीने अख्खं ऐकलं, काश्या, आणि शेवटी तुझं नाव ऐकलं. ह्यात एक शब्द जास्तीचा नाही. बोट खाली ठेव.